चकाचक केलेलं विमान

दादानं विमान धुतलं ती दिवाळीच्या आदल्या दिवसाची सकाळ. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. पुण्याहून नवी पांढरी गाडी घेऊन पुलगावला आला होता. गाडी धुऊन झाली आणि बादलीत शाम्पूचं पाणी उरलं. ते फेकवेना म्हणून त्यानं खिडकीतलं विमान उचललं.

विमान माझं, म्हणजे खरं तर बाबांचं. एकाहत्तरच्या लढाईत बाबा हवाई दलात मेकॅनिक होते. याच जातीच्या बुटक्या लढाऊ विमानाखाली वाकून वाकून आपली कंबर गेली, असं ते सांगत. गेल्या दोन वर्षांत त्यांचं विसरणं फार वाढलं. शेजाऱ्याचं नाव आठवेना, कधी कधी माझंही. मी शाळेत चित्रकला शिकवते, हाताला ब्रशची सवय. प्लास्टिकचे सुटे भाग मागवले, जोडले, रंगवले आणि विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"हे तं शोरूममधलं आहे," ते म्हणाले. "याच्या पोटाले तेल कुठी आहे?"

तिथून आमचं सुरू झालं. बाबा बोट ठेवायचे, मी तिथे मळ रंगवायचे. पोटाखाली गळक्या तेलाचा ओघळ, तोफांच्या तोंडाशी काजळी. कॉकपिटच्या कडेला पायलटच्या बुटांनी खरवडलेला रंग, त्यासाठी पेन्सिलीचं शिसं घासलं. एकेका डागामागून एकेक गोष्ट निघायची, आणि ती सांगताना बाबा अडखळायचे नाहीत. नंतरही विमान हातात दिलं की बोट डागावर जायचं आणि तीच गोष्ट यायची. रोज नवा डाग सुचायचा, म्हणून रंग पक्का करणारं शेवटचं वार्निश मी मारलंच नव्हतं.

दादानं ते शाम्पूनं धुतलं, टूथब्रशनं घासलं, वरून गाडीचं पॉलिश मारलं आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांची रांग लागली.

"बाबा, किती घाण साचली होती यावर," तो म्हणाला. "चकाचक केलं बघा."

बाबांनी विमान फिरवून फिरवून पाहिलं. बोट पोटाखाली गेलं, पंखावर गेलं, कुठेच थांबलं नाही. "कोणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं आणि परत देऊन टाकलं. सगळी दिवाळी ते कोणाशी धड बोलले नाहीत. "वय झालं आता त्यांचं," दादा म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडले असते तर तो सॉरी म्हणून मोकळा झाला असता, आणि मला त्याला मोकळं होऊ द्यायचं नव्हतं.

पाडव्याला दुपारी जेवून सगळे लवंडले. मी रंगाची पेटी घेऊन अंगणात गाडीशेजारी बसले. दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या वर गंज रंगवला. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी, मग नारिंगी, ओलं असतानाच वरून खडूची पूड. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली. हात धुतले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

चहा घेऊन दादा अंगणात गेला आणि कप हातातच राहिला. त्याचा आवाज ऐकून बाबा काठी टेकत बाहेर आले. वाकले, गंजावर बोट ठेवलं, ते नाकाशी नेलं. टर्पेंटाइनचा वास त्यांना काय ओळखता येणार नव्हता? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीन पावसाळे खाल्लेली गाडी आहे हे," बाबा दादाला म्हणाले. "रंग मारून तुले चिपकवली. घेताना काऊन पाह्यली नाई?"

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळून घ्यायलाही न थांबता दादा सकाळीच वर्ध्याला ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे निघाला. गाडी वळणाआड गेल्यावर बाबांनी मला हाक मारली.

"गंज पाण्यासंगं खाली उतरते, बाई. तू आडवाच फासून ठेवला. आण तं ते विमान."

मी आणलं. बोट पोटाखाली गेलं आणि थांबलं. "इथून गळे," ते म्हणाले. मी ब्रश घेतला.

दुपारी दादाचा फोन आला. आवाज बारीक होता. गॅरेजवाल्यानं टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं आणि सगळा गंज त्या फडक्यावर आला, म्हणाला. कोणी केलं ते त्यानं विचारलं नाही.

"पुसलं ना?" मी म्हटलं. "मग चकाचक झाली असेल."

संध्याकाळी त्याला ओवाळलं.

पोटाखालचं तेल परत आलं, काजळी आली, बुटांचे ओरखडेही आले. धुण्याआधी डाव्या पंखावर करंगळीच्या नखाएवढा एक फिकट डाग होता. त्याची गोष्ट बाबांना आता येत नाही, आणि मी ती एकदाच, अर्धवट ऐकली होती. बाबांचं बोट तिथे जातं, थांबतं, आणि ते मला विचारल्यासारखे माझ्याकडे पाहतात. त्या वेळी मला दादाची पांढरी गाडी आठवते. गंज खाली कसा उतरतो ते आता मला नीट येतं.