स्तोयांकाची किटली

प्रिय नेज्देत,

डोळ्यावरची पट्टी सुटली की हे स्वतः वाच. मुलीकडून वाचून घ्यायचं नाही. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय. यातलं सगळं तुला ठाऊक आहे, पण माझं बोलणं तू आजवर एकदाही शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाहीस. कागदाला मधेच तोडता येत नाही.

एकोणिसाव्या वर्षी तू जर्मनीत दुइसबुर्गला आलास आणि चौतीस वर्षं भट्टीतल्या लोखंडाकडे बघत उभा राहिलास. मी चार वर्षांनी मोठी, अंकाराला कॉलेज केलेली. आपल्या कामगारांच्या पोरांना तुर्की शिकवायला मागून आले. दर जुलैत कारखान्याला सुट्टी लागली की आपण गाडीला टपापर्यंत सामान लादून तुर्कस्तानातल्या तोकातजवळच्या आपल्या गावाकडे निघायचो. सव्वातीन हजार किलोमीटर. तुझ्या सानियेला ऑस्ट्रियाच्या घाटातच उलट्या व्हायच्या, म्हणून ती पोरांना घेऊन विमानाने जायची. पुढची सीट माझी.

बाकीचे लोक प्रवास करतात, तू शर्यत लावायचास. कारण गावच्या चहाच्या दुकानात पहिला प्रश्न 'कसा आहेस' हा नसतो, 'किती तास लागले' हा असतो. एका वर्षी तू 'सेहेचाळीस' म्हणालास. डोळे लालभडक, पाय थरथरताहेत, आणि अख्खं दुकान उठून तुला जागा देतंय! मूर्खपणाला इतका मान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. त्याच रस्त्यावर दर उन्हाळ्यात आपली माणसं स्टिअरिंगवर डुलकी लागून मेली, त्यांचे तास कुणी विचारत नाही.

किटली १९७९ची. युगोस्लाव्हियात निश सोडून पिरोतकडे जाताना गाडी उकळली. शेतातून एक बाई आली, साठीची असेल, हातात दुधाची निळी एनॅमलची किटली. पाणी आणून दिलं, वर वाटेला म्हणून किटली पुन्हा भरून दिली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "स्तोयांका." मग किटलीकडे बोट, रस्त्याकडे बोट, आपल्या दाराकडे बोट. येताना परत द्या. एवढं कळायला भाषा लागत नाही.

पण आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. जाताना तू म्हणायचास, "ताई, जर्मनीची चॉकलेटं घालून देऊ? लाज वाटेल. येताना आपले अक्रोड घालू." येताना किटली अक्रोडांनी भरलेली असायची आणि सोमवारी कारखान्यात तुझी पाळी असायची. मग "पुढच्या वर्षी" म्हणत आपण ते अक्रोड म्युनिकपर्यंत फोडून खायचो. कारखाना सुटला तरी तुझी घाई सुटली नाही. चाळीसहून जास्त वर्षं! चार गाड्या बदलल्या, डिकीतली किटली तीच.

गेल्या जुलैत मीच किटलीत कॉफीची पूड भरली. "जातानाच द्यायची, लाज माझ्यावर," म्हटलं. तू मान डोलावलीस. तुझं लक्ष नव्हतं. वाटेत सारखा "ताई, पाटीवर काय लिहिलंय?" विचारत होतास. मला वाटलं, म्हातारपणी गप्पांची हौस आली. मग ऑस्ट्रियात ग्रात्सजवळ तू थेट मालट्रकांच्या तळात गाडी घातलीस. मी रुमाल शोधायला समोरचा खण उघडला तर हाती डॉक्टरचा कागद. तारीख मार्चची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया होईपर्यंत गाडी चालवू नये.

"उतर," मी म्हटलं.

"डॉक्टर लोक घाबरवतात गं."

"समोरच्या ट्रकवर काय लिहिलंय, वाच."

"चालत्या ट्रकवरचं कसं वाचू?"

"उभा आहे तो, नेज्देत."

तरी तू उतरला नाहीस. "तुला शाळेपर्यंतचाच रस्ता येतो. आणि दुकानात काय सांगू? बहिणीने आणलं?"

"शवपेटीतून गेलास तर काहीच सांगावं लागणार नाही."

उतरलास. आधी मला शिव्या घातल्यास, त्या मी ऐकल्या. मग शेकडो किलोमीटर नसलेला ब्रेक दाबत बसलास. "दुसऱ्या गियरमध्ये रडतेय ती, ऐकू येत नाही?"

"तुझं तोंड मिटलं की येईल."

रात्री मी हॉटेलात खोल्या घेतल्या, तोही तुला अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी बेलग्रेड मागे पडलं आणि शेजारून आवाज बंद झाला. पाहिलं तर तू झोपलेला. तोंड उघडं, बूट काढलेले. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना तू झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अगदी लहानपणी मामाच्या बैलगाडीतसुद्धा तू डोळे ताणून बसायचास.

निश गेलं. स्तोयांकाचं वळण आलं. मी गाडी हळू केली. थांबले तर तू उठणार, आणि उठलास तर पुन्हा किल्ली मागणार. मी सरळ पुढे गेले. चुकलं असेल तर चुकलं. तुझे मिटलेले डोळे मला किटलीपेक्षा महाग होते.

बल्गेरियाच्या सरहद्दीवर तू जागा झालास. "निश किती लांब?"

"मागे गेलं."

तू बूट घातलेस. किल्ली मागितली नाहीस.

गावात तू चहाच्या दुकानात शिरलास, मी दारात उभी. दुकानवाल्या मेव्लुतने चहा गाळता गाळता विचारलं, "किती तास?"

"एकसष्ट."

"चालत आलास काय रे?" सगळे हसले.

"ताईने आणलं. मी झोपलो होतो. बेलग्रेडपासून सरहद्दीपर्यंत." माझ्याकडे न बघता म्हणालास, पण मोठ्याने.

मेव्लुतने पहिला पेला तुला दिला नाही. बाहेर दारात आणून मला दिला. साखर न विचारता दोन खडे. चहा फार गोड होता, मी संपवला.

मग शस्त्रक्रियेची तारीख अचानक अलीकडे आली, तुझ्या लेकीने तिकिटं पाठवली आणि आपण विमानाने परतलो. उद्या तुझा दुसरा डोळा. पहिल्याने तू नर्सच्या छातीवरचं नाव लांबून वाचलंस म्हणे, चांगलं आहे. पुढच्या जुलैत गावाहून गाडी आणायची आहे. अर्धा रस्ता तुझा, अर्धा माझा, आणि निश माझ्या अर्ध्यात. स्तोयांका तेव्हाच साठीची होती, हिशेब करत बसू नकोस. घर असेल, दार असेल, कुणीतरी उघडेल.

गाडी आपल्या अंगणात अक्रोडाखाली उभी आहे. किटली डिकीत आहे, कॉफीने भरलेली.

तुझी ताई,
मुअज्जेज