गुलाबी भिंतीपाशी ब्रेक

ब्रेकबाईच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक तिच्या. पण तिचा खरा भरवसा तिसऱ्यावर, म्हणजे स्वतःच्या आवाजावर. "ब्रेक!" अशी आरोळी तिनं ठोकली की शिकाऊ तर थांबेच, पण फुटपाथवरून निघालेला माणूसही एक पाय हवेत ठेवून जागच्या जागी उभा राही. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर तिचं नाव ठळक रंगवलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. सगळ्या रस्त्याच्या तोंडी ती ब्रेकबाईच.

लग्नाआधी ती वडिलांचा फर्निचरचा टेम्पो चालवायची. नवरा ग्रंथालयात नोकरीला, स्वभावानं मऊ. नवी नवरी असताना तिनं त्याला गाडी शिकवायला घेतली आणि लवकरच हात टेकले. "माझ्या हाताखाली एकच जण नापास झाला," असं ती चारचौघांत सांगायची. "म्हटलं, असला नमुना रस्त्यावर कशाला सोडा? घरातच ठेवून घेतला." नवरा हसायचा आणि चहाचं आधण ठेवायला आत जायचा.

तिची शिकवायची रीत वेगळी होती. चिन्हं, नियम, पुस्तकं हे सगळं ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घोकून घ्यायची. त्याआधी शिकवायची ती आपल्या रस्त्याच्या खुणांवर. "पाण्याची टाकी आली, गिअर बदल. शाळेचं फाटक आलं, पाय हलका कर. गुलाबी भिंत दिसली की ब्रेक! पूर्ण थांब, दोन्हीकडे बघ, मग ब्रेक सोड आणि मोकळ्या मनानं अ‍ॅक्सिलरेटर दाब." ती गुलाबी भिंत एका छापखान्याची होती. तिथून कागदाचे ट्रक मागं न बघता उलटे बाहेर यायचे, म्हणून तो धडा. पुढं छापखाना बंद पडला, ट्रक गेले, आत व्यायामशाळा आली. मालकानं भिंतीचा रंग तेवढा तसाच ठेवला, आणि ब्रेकबाईनं धडा. आसपासच्या निम्म्याहून जास्त घरांतली माणसं तिच्याकडेच शिकली होती. लॉन्ड्रीवाला तिच्याकडे, त्याची बायको तिच्याकडे, शाळेच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा तिच्याकडेच.

घरात मात्र तिचं चालत नसे. तिथं सासूबाईंचं राज्य. सासूबाईंचा गुडघा दुखरा आणि जीभ ठणठणीत. समोरच्या इमारतीत त्यांची मैत्रीण राहायची, निवृत्त नर्स. दोघींचा रोज दुपारी पत्त्यांचा डाव असे. पण पलीकडचा नवा पूल सुरू झाला आणि पुलावर जाणाऱ्या गाड्यांनी हा रस्ता जवळची वाट म्हणून धरला. दिवसभर गाड्यांची रांग तुटेना. सासूबाई दारात काठी टेकून उभ्या राहायच्या, एक पाऊल पुढं टाकायच्या, दोन मागं यायच्या, आणि शेवटी जिना चढून वर. मग दोन गॅलऱ्यांतून दोघी एकमेकींकडे बघत फोनवर भांडायच्या.

"आई, मी सोडते ना तुम्हाला हात धरून," ब्रेकबाई म्हणायची.

"मला कुणी हात धरून न्यायला नकोय. सामान आहे का मी? आणि तू नेशील, पण परत आणायला तुला वेळ कुठाय? मी आपली तिच्या घरात बसून तुझी वाट बघायची! नको गं बाई. जाईन तर माझी मी, नाही तर इथंच बरी."

त्यानंतर पत्त्यांचा जोड कपाटात गेला. जेवताना सासूबाईंचं बोलणं कमी झालं. ब्रेकबाईला त्यांच्या बोलण्याचा त्रास व्हायचा हे खरं, पण न बोलण्याचा जास्त व्हायला लागला.

अशात नगरपालिकेचा कागद दारावर चिकटला. रस्त्यात बदल करायचे आहेत, रहिवाशांनी शाळेच्या सभागृहात यावं. रहिवासी आले ते "बघू या तरी काय नाटक आहे" असं म्हणत. बोलायला उभी राहिली नगरपालिकेची एक तरुण बाई. तिनं टेबलावर रस्त्याचा एवढा मोठा नकाशा पसरला की तेव्हापासून तिचं नाव नकाशावाली पडलं.

"ठरलेलं सांगायला मी आले नाही," ती म्हणाली. "रस्ता ओलांडायला एक जागा करायची आहे. पट्टे, उंचवटा, दिवा, सगळं. कुठं करायची ते तुम्ही सांगा, पुढच्या सभेत हात वर करून. आधी महिनाभर कच्चं करून बघू. उचलता येतील असे पट्टे टाकू. जमलं तर पक्कं, नाही तर उचलू."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आजवर या रस्त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. खड्डा पडायचा तोही न विचारता आणि बुजायचा तोही न विचारता. ब्रेकबाईला तर असं झालं की आता उभं राहून ओरडावं. तशी ती उभी राहिली आणि ओरडलीच.

"कोपऱ्यावर करा! आमच्या दारासमोर!"

"ताई, तुमच्या दारासमोर म्हणजे माझ्या दुकानासमोर," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "माझी व्हॅन काय तुमच्या गॅलरीत लावू?"

"लाव की. मागे घेताना तशी गॅलरीवरच चढवतोस!"

सभागृह हसलं. पण हसण्यानं हात वर होत नाहीत हे ब्रेकबाईला ठाऊक होतं. पुढचे काही दिवस तिनं अंगात वारं भरल्यासारखे काढले. शिकवणी संपली की जिने चढायची, बेल वाजवायची. जुने विद्यार्थी दार उघडून सवयीनं सरळ उभे राहायचे. "कोपरा," ती म्हणायची. "लक्षात ठेव. हात वर करायचा तो कोपऱ्यासाठी." नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, "अगं, प्रचाराला निघालीस का परीक्षा घ्यायला?" रात्री जेवताना घरात कितीतरी दिवसांनी हशा होता. सासूबाईंनी पत्त्यांचा जोड बाहेर काढला आणि एकटीच पिसत बसल्या. "दारातून निघायचं की समोर तिच्या दारात," त्या म्हणाल्या. "बरोबर ना गं?"

"अगदी दारातून दारात," ब्रेकबाईनं सांगून टाकलं.

दुसऱ्या सभेत कोपऱ्याला भरभरून हात वर आले. लॉन्ड्रीवाल्यानं तोंड वाकडं केलं, पण बायकोचा हात वर बघून त्यानंही आपला अर्धा उचलला.

सोमवारी सकाळी नकाशावालीच्या माणसांनी कोपऱ्यावर पिवळे पट्टे अंथरले, शंकूसारखे लाल खांब लावले. अख्खा रस्ता गॅलऱ्यांत लोटला होता. सासूबाई धुतलेले बूट घालून दारात तयार. समोर नर्सबाई हात हलवत उभ्या. ब्रेकबाई फुटपाथवर आली.

पहिली गाडी आली. गुलाबी भिंतीपाशी थांबली, चांगली शिस्तीत. ड्रायव्हरनं दोन्हीकडे बघितलं आणि दाबली. कोपऱ्यावरच्या पट्ट्यांवरून ती अशी सुसाट गेली की एक लाल खांब आडवा झाला. दुसरी आली. भिंतीपाशी थांबली, बघितलं, दाबली, सुसाट. तिसरी शाळेची बस. तीही तशीच.

"हे काय चाललंय?" नकाशावाली कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "रिकाम्या भिंतीपाशी थांबतात, आणि जिथं थांबायचं तिथं पळतात? कुणी शिकवलं यांना?"

तेवढ्यात लॉन्ड्रीवाल्याची व्हॅन आली. भिंतीपाशी थांबली. त्यानं मान उजवीकडे नेली, डावीकडे नेली, आणि दाबण्याआधी मोठ्या समाधानानं एक श्वास सोडला. तो श्वाससुद्धा तिचाच होता. "सोडताना श्वास सोड, म्हणजे पाय थरथरत नाही," हे तिचंच वाक्य.

ब्रेकबाई कपाळावर हात मारून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग एकदम हसू थांबलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. एक पाऊल पुढं, दोन मागं.

"आई, आज नको," ती म्हणाली.

"का? पट्टे टाकलेत ना?"

"टाकलेत. पण चुकीच्या जागी. आणि ती जागा मीच मागून घेतली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासूबाई जिना चढल्या. दुपारभर त्यांच्या खोलीतून पत्ते पिसल्याचाही आवाज आला नाही. ब्रेकबाईनं शिकवणी रद्द केली आणि गुलाबी भिंतीसमोर स्टूल टाकून बसली. गाड्या बघत राहिली. तिच्या हाताखालचे थांबत होते. पुलाकडे निघालेले बाहेरचे थांबायचं नाव घेत नव्हते, पण पुढचा थांबला की मागचा जाणार कुठं? तोही थांबत होता, हॉर्न वाजवत का होईना. बघता बघता तिचं अंग पुन्हा तापायला लागलं. अरे, हे तर आयतं होतं! सगळा रस्ता इतकी वर्षं इथं थांबतोय आणि कुणाला दिसलं नाही!

पण इथं पट्टे आले म्हणजे सासूबाईंना दारापासून भिंतीपर्यंत चालत यायचं, ओलांडायचं, आणि पलीकडून तेवढंच परत नर्सबाईंच्या दारापर्यंत जायचं. त्या गुडघ्यानं. आणि दारातून दारात असा शब्द दिलेला.

संध्याकाळी ती सासूबाईंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या शिष्यांच्या खोडीपायी मी एवढं चालायचं?"

"हो."

"आणि त्या सगळ्यांना नव्यानं शिकवता येणार नाही?"

"आई, तुमच्या मुलाला तरी शिकवता आलं का मला?"

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. पण त्या हसल्या नाहीत. "गुडघा माझा आहे. बघते तो काय म्हणतो," एवढंच म्हणाल्या.

नकाशावालीनं रविवारी रस्त्यावरच सभा बोलावली. ब्रेकबाई स्टुलावर चढली. ज्यांच्या जिन्यांवरून कोपरा कोपरा करत हिंडली, त्यांच्याच पुढं आता उलटं बोलायचं होतं.

"मी चुकले," ती म्हणाली. "कोपरा नको. भिंत."

"घ्या!" लॉन्ड्रीवाला ओरडला. "माझा हात जबरदस्तीनं वर करायला लावलात, आता खाली करायचा का?"

"खाली कर आणि परत वर कर. व्यायाम होईल."

"ताई, त्यापेक्षा भिंतच पांढरी करून टाकू. मग नाही थांबणार कुणी."

"मग कुठंच नाही थांबणार! आहे तो ब्रेकही घालवतोस?"

लोक हसले, मग भांडले. भिंत लांब पडते, कोपरा जवळ आहे, व्यायामशाळेत येणाऱ्यांनी सायकली कुठं लावायच्या, सगळं एकाच वेळी सुरू झालं. नकाशावालीनं कुणालाच थांबवलं नाही. तिनं नुसती मान हलवली आणि तिच्या माणसांनी पट्टे उचलून भिंतीसमोर अंथरले. "बोलून कळणार नाही," ती म्हणाली. "कुणी ओलांडून दाखवतं का?"

गर्दी मागं सरली. काठीचा आवाज आला. सासूबाई येत होत्या. दारापासून निघालेल्या, दुकानांच्या कडेनं, मध्ये दोनदा थांबून. ब्रेकबाईचा नवरा त्यांच्या मागं दोन पावलं, हात पुढं केलेला. "मागं हो रे," त्यांनी न वळता सांगितलं. नवरा मागं झाला.

त्या भिंतीपाशी पोचल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. समोरून गाड्या येतच होत्या. ब्रेकबाईचा उजवा पाय नकळत जमिनीत रुतला, जणू तिथं पेडल होतं. ओरडायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. आज आवाज नाही.

सासूबाईंनी पट्ट्यावर पाऊल ठेवलं. पहिली गाडी थांबली. तिच्या मागची थांबली. पलीकडच्या बाजूनं एक मोठी अनोळखी गाडी पुलाकडून वेगात आली. सासूबाई रस्त्याच्या मधोमध होत्या. त्या मागं आल्या नाहीत. तिथंच उभं राहून त्यांनी काठी आडवी धरली आणि त्या गाडीकडे अशी नजर लावली की घरात ती नजर ज्यानं झेलली होती त्या नवऱ्यानं डोळे मिटले. गाडी कचकन थांबली. सासूबाईंनी काठी खाली घेतली आणि सावकाश, अगदी सावकाश, उरलेले पट्टे पार केले.

टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. लॉन्ड्रीवाल्याची बायको ओरडली, "आजी, परत एकदा!" पलीकडे नर्सबाई आपल्या दारातून निघून भिंतीच्या समोर येऊन उभ्या होत्या. "काय गं, एवढं चालवतात तुला?" त्या म्हणाल्या.

"तू पण चाललीसच की," सासूबाई म्हणाल्या. "निम्मं अंतर तुझं, निम्मं माझं. चल, पत्ते आणलेत मी."

"थांबा, आजी!" अलीकडून नकाशावालीनं हाक मारली. "मतं घ्यायची आहेत. या बाजूला या ना."

"आत्ताच तर आले! परत कशाला येऊ?" सासूबाईंनी तिथूनच काठी उंच धरली. "हे माझं मत. मोजा इथूनच."

नर्सबाईंनीही हात वर केला. मग अलीकडे लॉन्ड्रीवाल्यानं, या वेळी पूर्ण. मग त्याच्या बायकोनं, बसच्या ड्रायव्हरनं, व्यायामशाळेच्या मालकानं, नवऱ्यानं. नकाशावाली मोजता मोजता चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. आकडा ऐकायला सासूबाई थांबल्या नाहीत. पलीकडच्या फुटपाथवरून दोघी निघाल्या होत्या, आणि पत्ते कोण वाटणार यावरून त्यांचं भांडण इथपर्यंत ऐकू येत होतं. ब्रेकबाई स्टुलावर उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडत होती, आणि एका माणसाला एकच मत असतं हे तिला कुणीतरी खालून सांगत होतं.