शांत पाण्याचा रकाना

प्रयोगशाळेत तिला मागून सगळे 'थांबाबाई' म्हणत. कुणी घाईने शिक्का उठवायला निघाला की ही म्हणायची, "थांबा, आधी मोजू." सव्वीस वर्षं तिने एकच यंत्र घडवलं, विमानाच्या पोटाशी बसणारं रडार. ते जमिनीकडे तिरक्या लहरी सोडतं आणि परतलेल्या लहरींत पडलेल्या फरकावरून विमानाचा वेग सांगतं. नांगरलेल्या शेतावरून, जंगलावरून लहरी भरभरून परततात. शांत पाणी मात्र पक्कं लबाड. त्यावरून बहुतेक लहरी पुढेच घसरतात आणि वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

नवं रडार समुद्रात बुडणाऱ्यांना शोधणाऱ्या हेलिकॉप्टरांवर बसायचं होतं. धुक्यात वैमानिक त्याच आकड्यावर विसंबणार. आणि जन्मभर उंटावरून शेळ्या हाकलेल्या मोठ्या साहेबांनी तारीख गाठायला पाण्यावरची चाचणीच गाळली! अहवालात 'शांत पाणी' हा रकाना मात्र गच्च भरलेला. प्रत्येक ओळीत जमिनीवरच्या आकड्यापेक्षा बरोबर दोन टक्के कमी. पाणी काय साहेबांच्या हुकमात आहे? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक त्यांच्या खोलीत शिरली.

साहेबांनी हसत एक जुनी फाईल पुढे सरकवली. दोन टक्क्यांचा हिशेब तिनेच बारा वर्षांपूर्वी तळ्यावर मोजून काढला होता.

तिने फाईल उघडली. आकडा तिचा, अक्षरही तिचंच. पण त्या दिवशी वारा होता, तळ्यावर लाटा होत्या. लाटांवरून लहरी बऱ्या परततात, शांत पाण्यावर चूक याहून मोठी असणार. आणि नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं होतं. जगाला थांबवणारी ही बाई त्या दिवशी स्वतः थांबली नव्हती. तिला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.

चार महिन्यांत निवृत्ती आहे, मानाने जा, असं समजावत साहेबांनी अहवालावर सहीची जागा दाखवली. भीड भिकेची बहीण, हे तिला आईने लहानपणीच शिकवलं होतं. तिने अहवालाच्या तिन्ही प्रतींवर तो रकाना वरपासून खालपर्यंत खोडला आणि खाली लिहिलं, 'शांत पाण्यावर चाचणी झालेली नाही. दोन टक्के हा लाटांवरचा आकडा आहे. ते न नोंदवण्याची चूक माझी.' मग सही केली.

"तुम्ही स्वतःच्याच नावाला काळं फासलंत, बाई," साहेब म्हणाले.

"फासलं. आता तो रकाना परत भरायचा असेल तर खाली तुमचं नाव लिहा. हेलिकॉप्टर पाण्यात गेलं, तर वैमानिकाच्या घरच्यांना कुणाला विचारायचं ते तरी कळेल."

साहेबांनी खोडलेला रकाना तसाच ठेवून आपल्या पेनाला टोपण लावलं.