रिंगखालून बाहेर

आमच्या घरात बी.कॉम. झालेली पहिली मी. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. आणि कॉलेजात जे शिकले त्यातलं निम्मं बास्केटबॉलच्या कोर्टवर शिकले, हेही सांगून टाकते.

आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहायचो. मूळ खानदेशातले, वडील पॉवरलूमवर कामाला. मी वडिलांपेक्षा उंच झाले तेव्हा आईनं कपाळाला हात लावला, "आते हिनाकरता नवरदेव कोठून आनसूत?" कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या सरांना मात्र मी पाहताक्षणी आवडले. त्यांचं शास्त्र सोपं होतं: उंच मुलीनं रिंगखाली उभं राहायचं, बॉल आला की वर टाकायचा. अडचण एवढीच, की मी उंच होते पण काडीसारखी. समोरच्या टीमची कुठलीही दणकट मुलगी पाठ लावून रेटायची आणि मी थेट लाइनबाहेर. "नरम छे," सर मान हलवायचे.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत केबल आली आणि सकाळी सकाळी अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगच्या मॅचेस दिसायला लागल्या. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. दोन्ही टीम्स राखाडीच. तरी त्यात युरोपातून आलेला एक लांबडा खेळाडू मला लगेच ओळखू यायचा, कारण तो रिंगखाली थांबतच नसे. एवढा ताडमाड माणूस, पण लांब बाहेर यायचा, डोक्यावर बॉल धरून उभा राहायचा आणि एक तर लांबूनच टाकायचा, नाही तर कुणाला दिसणारही नाही असा पास द्यायचा. कॉमेंटेटर त्याचं नाव दर वेळी वेगळं उच्चारायचा. "हे तिकडचे लोक अंगानं मऊ असतात," असंही म्हणायचा. मला सरच आठवायचे. कॉलेजच्या लायब्ररीत नकाशात त्याचा देश शोधला, तर सापडेना. नकाशा जुना होता आणि देश अगदी नवा.

एकदा वडील रात्रपाळी करून आले आणि चहाची बशी घेऊन माझ्याशेजारी बसले.

"हाऊ लांब्या कोठला शे?"

"परदेशी आहे. अमेरिकेतला नाही."

"मंग हाऊ बी आपलासारखा पोटकरता उना का?" वडील जरा पुढे सरकले. "याले त्यासनी भाषा येस का?"

"फार नाही येत."

"कारखानामा कोण बोलस? तरी काम चालस ना!"

ते खरंच होतं. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळे हातांनी बोलतात. लहानपणापासून वडिलांचा डबा पोहोचवून मीही ती बोली शिकले होते. मनगटावर दोन बोटं आडवी मारली की धागा तुटला, इकडे धाव. तळहात गोल फिरवला की झकास चाललंय. त्या दिवसापासून वडील त्या परदेश्याच्या बाजूचे झाले. त्याची टीम कुठली, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

मी टीममधल्या मैत्रिणीला गाठलं. ती सुरतेतल्याच कतारगामची, बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी. तिचे वडील हिरे घासायचे आणि ते लोकही काठियावाडातून आलेले. तिला म्हटलं, मी बाहेर येते, मला अडवणारी माझ्यामागे येईल, रिंगखाली जागा रिकामी होईल. मी धागा तुटल्याची खूण केली की तू आत घूस.

"लंबू, धागा तुटला तर आपल्याला सर तोडतील!" ती म्हणाली. पण शिकली. सरावाच्या पहिल्या दिवशी मी परदेश्यासारखा न बघता पास दिला आणि बॉल गेला थेट सरांच्या चहाच्या कपावर. "ए छोकरी, बहार केम नीकळी? रिंग नीचे ऊभी रे!" सर गरजले. "मॅचमां बहार आवी तो बेसाडी दईश!"

बाकावर बसवण्याची धमकी मला एरवी लागली नसती. पण येणारी मॅच माझी कॉलेजमधली शेवटची होती आणि वडील येणार होते. तीन वर्षांत ते कॉलेजच्या गेटच्या आत कधी आले नव्हते. "आपलं काय काम तठे?" म्हणून मला न्यायला आले की रस्त्यापलीकडेच सायकल धरून उभे राहायचे. त्यांनी यावं आणि मला बाकावर बसलेली पाहावं, हे मला चालणार नव्हतं.

मॅचला ते आले, पण आमच्या कोर्टाला रस्त्याच्या बाजूनं जाळी होती, तिच्या बाहेरच थांबले. केसांत अजून कारखान्यातले तंतू. समोरच्या कॉलेजच्या दणकट मुलीनं मला इतकं रेटलं, की हाफटाइमपर्यंत मी एकही बास्केट केली नव्हती. जाळीकडे बघायची लाज वाटत होती.

हाफटाइमनंतर मी रिंगखालून बाहेर आले. सर ओरडले. प्रेक्षकांचा गोंगाट कारखान्याएवढाच होता, त्यामुळे ऐकू न आल्याची सोय होती. ती दणकट मुलगी माझ्यामागे धावली, मी मनगटावर दोन बोटं मारली, कतारगामवाली आत घुसली. पास. बास्केट! पुन्हा तेच. सरांनी हात वर केला, पण या वेळी ओरडले नाहीत. पुढच्या वेळी माझ्यामागे कोणी आलंच नाही, म्हणून मी लांबूनच टाकला. बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला.

जाळीपलीकडे वडील तळहात गोल गोल फिरवत होते. आजूबाजूच्या पोरांना वाटलं, काका कुणाला तरी बोलावतायत.

आम्ही जिंकलो. सर मला म्हणाले, "आ क्यांथी शीखी?" मी म्हटलं, टीव्हीवरून आणि कारखान्यातून. त्यांना फक्त टीव्हीचं कळलं. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्या उंच मुलींना लांबून टाकायला लावलं. नव्वदचं दशक संपेपर्यंत तर त्या अमेरिकन लीगमध्येही असे परदेशी लांबडे किती तरी झाले. त्यांना आता कुणी मऊ म्हणत नव्हतं आणि कॉमेंटेटरही नावं नीट घ्यायला शिकला होता.

पण त्या संध्याकाळी मी बॅग घेऊन सवयीनं रस्त्यापलीकडे बघितलं, तर सायकल तिथे नव्हती. वडील ती गेटच्या आत घेऊन आले होते आणि स्टँडवर लावून मलाच विचारत होते, "आठे चहा कोठे भेटस?"