काचेवर नाव आधी

कोदू न्जायच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं की ती आधी ओरडते, "टेकू नकोस कुठे, ओलं आहे!" तरीही समुद्रकाठच्या रुफिस्क गावातल्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांच्या झग्यांना मागच्या बाजूनं होडीचा निळा रंग लागलेला आहे, आणि तो रॉकेलनंही निघत नाही. हल्ली तर लोक तो डाग मिरवतात. पण हे आताचं झालं. त्याआधी ही खोली कोदूच्या हातची जाता जाता राहिली. ती कशी राहिली ते सांगायलाच हवं.

खोली अंगणात, कडुनिंबाखाली. तिथे बसून कोदूचा नवरा अलासान काचेवर चित्रं काढायचा. पांढऱ्या झग्यातले पीरबाबा, सिंह, दागिन्यांनी मढलेली बाई, अशी ठरलेली चित्रं, जन्मभर तीच. बापाच्या हातचे कागदी नमुने होते. ते काचेखाली ठेवायचे आणि टाकानं वरून शाईची रेघ मारत जायचं. काचेच्या कामात सगळं उलटं असतं. रंगवायचं एका बाजूनं आणि बघायचं दुसऱ्या बाजूनं, म्हणून आधी लावलेलं पुढे दिसतं आणि नंतर लावलेलं त्याच्यामागे जातं. अलासान बसला की सगळ्यात आधी कोपऱ्यात आपलं नाव लिहायचा, तेही उलट्या अक्षरांत. मग डोळे, मग दागिने, मग कपडे. शेवटी उरायची पाठ, म्हणजे मागचं आकाश नाहीतर भिंत. ती कोदू भरायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं किती आकाशं भरली त्याचा हिशेब नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, अलासानचा हात!" कोदूलाही ते पटायचं. आकाशाचं काय एवढं कौतुक करायचं?

अलासान गेला आणि खोलीला कुलूप लागलं. बरेच दिवस कोदू त्या बाजूला फिरकली नाही. मग एका सकाळी, भांडी घासता घासता, तिनं हात पुसले आणि कुलूप काढलं. जाळीजळमटं झाडली, एक काच पुसून घेतली आणि दागिन्यांची बाई काढायला बसली. पण हाताला सवय एकाच कामाची. तिच्याही नकळत तिनं आधी सगळी काच निळी करून टाकली. ती वाळल्यावर त्यावर बाई काढली. शाईची रेघ मुंगी चालल्यासारखी वाकडी, पण हार, कर्णफुलं, डोळ्यांतलं काजळ, काही म्हणून सोडलं नाही. मोठ्या हौसेनं काच उलटली, तर समोर नुसतं निळं. बाईचा पत्ता नाही.

नेमका त्याच वेळी मासांबा जोप दारात उभा होता. हा म्हातारा कोळी. समुद्रावर जाणं सुटलं होतं, आता घरी बसून जाळी दुरुस्त करायचा. जोप आणि न्जाय या आडनावांच्या लोकांचं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. जोपानं न्जायला गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, न्जायनं ते व्याजासकट परत करायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. कोदूच्या दारावरून जाताना तिला टोमणा मारल्याशिवाय मासांबाला जेवण गोड लागत नसे.

"काय गं गुलामा, बाई कुठाय?"

"आहे की. निळ्याच्या मागे."

"पळाली असेल. न्जायांच्या घरात कोण राहील उपाशी? भात तर सगळा तुम्हीच गिळता."

"तुझं थोबाड दिसलं म्हणून लपली बिचारी. जोप गेला की येईल बाहेर."

दोघंही हसले. मासांबा गेल्यावरही कोदू एकटीच हसत बसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसताच तिनं दुसरी काच घेतली, तीही मुद्दाम निळी केली, आणि रंग ओला असतानाच तोंडातली दातवणाची काडी काढून तिच्या टोकानं खरवडायला लागली. बघू तरी बाई कुठे लपते ते! वाळल्यावर मागून लाल फासला आणि काच उलटली. निळ्यातून लाल रेघा अशा काही पेटून उठल्या होत्या की कोदू उठून दाराशी गेली आणि उजेडात धरून बघतच राहिली.

झालं! त्या दिवसापासून कोदूला खेळ सापडला. किनाऱ्यावर होड्या रंगवणाऱ्यांकडून डब्यांच्या तळाचे रंग मागून आणायची, पाडलेल्या घरांच्या खिडक्यांच्या काचा आणायची. ओल्या रंगावर मीठ टाकून बघ, कंगवा ओढून बघ, कोंबडीचं पीस फिरवून बघ. खरवडलेल्या जागी मागून चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद लाव, नाहीतर डोक्याच्या जुन्या रुमालाचा तुकडा. उलटेपर्यंत काय निघणार ते तिचं तिलाच माहीत नसायचं, आणि सगळी गंमत त्यातच होती. एक काच तर इतकी घाण निघाली की तिनं ती खुराड्याला लावली. ती बघून कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं, असं मासांबा गल्लीभर सांगत सुटला.

तिचा दीर बिरान शिंपी होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं बाजारातलं दुकान सुटलं होतं आणि बकरी ईद तोंडावर आली होती. ईदेला सगळं गाव नवे कपडे शिवतं. तेव्हा हात चालला नाही तर शिंप्याचं वर्ष गेलं. एके दिवशी तो गळ्यातली टेप काढून, शिलाईचं मशीन बसेल का म्हणून, खोलीची लांबी-रुंदी मोजायला लागला.

"वहिनी, दादाचे नमुने गिरवत असतीस तर मी तोंड उघडलं नसतं. लोक पीरबाबा मागतात, सिंह मागतात. हे काय आहे? रंग पुसलेली फडकी!"

"चित्रं आहेत ती."

"कसली चित्रं? चित्रात काहीतरी असतं. तुझ्या चित्रांत फक्त पाठ असते."

हे मात्र कोदूला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. जन्मभर जे केलं तेच तिला येत होतं, आणि तेच तिला आवडत होतं. खोली गेली तर रंगाचे डबे स्वयंपाकघरात कोण ठेवू देणार? तिला परत सकाळ-संध्याकाळ भाताच्या पातेल्यासमोर बसावं लागलं असतं, आणि आता ते तिला नको होतं. ती तावातावानं म्हणाली, "मग चार लोकांना विचार ना, चित्र आहे की फडकं!"

बिरान वस्ताद. तो म्हणाला, "चार कशाला? एकालाच विचारू. मासांबा जोपला. तुझ्याही तोंडावर बोलतो, माझ्याही तोंडावर बोलतो. शुक्रवारी नमाजानंतर येऊ दे त्याला. तो चित्र म्हणाला तर खोली तुझी, मी पुन्हा नाव काढणार नाही. फडकं म्हणाला तर मशीन आत."

आमच्यात दोन न्जायांचा वाद जोपानं सोडवावा ही रीतच आहे, त्यामुळे कोदूला नाही म्हणता येईना. पण या म्हाताऱ्यानं आजवर न्जायांच्या कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटलं होतं? तिच्या हातच्या मासे-भातालासुद्धा तो दोनदा वाढून घेऊन, बोटं चाटून, वर 'खारट' म्हणायचा.

अलासाननं एक मोठी काच जपून ठेवली होती. 'एखाद्या मोठ्या कामाला', असं म्हणायचा आणि ती पुन्हा कपाटामागे सरकवायचा. कोदूनं ती बाहेर काढली. बराच वेळ नुसतीच समोर ठेवून बसली. भिंतीला मासांबाचं फाटकं जाळं टांगलेलं होतं. 'घे, गुलामाला नेसायला', म्हणून त्यानंच कधीतरी तिच्या अंगावर फेकलेलं. तिनं काळसर निळा रंग काचभर पसरला आणि ते जाळं त्यात दाबलं. अलगद उचललं. एका बाजूला कंगवा फिरवला, खाली मूठभर मीठ भुरभुरवलं. वाळल्यावर मागून थोडा हिरवा, थोडा राखाडी, आणि जाळ्याच्या घरांमागे तो चंदेरी कागद, चुरगळून. या खेपेला तिनं काच उलटून बघितलीच नाही. तशीच पाठ करून भिंतीला लावून ठेवली. भीती वाटली तिला.

शुक्रवारी मासांबा आला तो तोंडाचा पट्टा सोडतच. "कुठाय ते फडकं? आणि आधी मला बसायला द्या, गुलामांच्या घरी राजा आलाय!" बिरान गळ्यातली टेप चाचपत दाराशी उभा राहिला. कोदूनं काच उचलली, वळवली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

मासांबानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तो जवळ आला. मग मागे सरकला. मग पुन्हा जवळ आला, इतका की त्याचा श्वास काचेवर उमटला. जिथे मीठ पडलं होतं तिथे त्यानं बोट नेलं, पण लावलं नाही.

"जाळं वर येतंय," तो हळूच म्हणाला. "पहाटेचं. भरलेलं." मग कोदूकडे वळला. "हे कुठे बघितलंस तू?"

"मी कुठे बघणार? बायका कधी होडीत चढतात का?"

तो परत काचेकडे वळला. बिरानच्यानं राहवेना. "सांग की जोप! चित्र की फडकं?"

आता मात्र कोदूच घाबरली. न्जायच्या दारात गप्प उभा राहिलेला जोप तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "अरे मासांबा, बरं वाटत नाही का तुला? एखादी शिवी तरी दे!"

"थांब जरा," म्हातारा म्हणाला. "शोधतोय. सापडत नाहीये."

बिराननं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा काचेकडे. मग टेप नीट गळ्यात घातली. "मशीन माझ्या ओसरीवर बसेल," तो म्हणाला, आणि जाता जाता दारात थांबून त्यानंही एकदा वळून बघितलं. कोदूला तेवढं पुरलं. ती काच खाली ठेवायला वाकली, आणि मासांबानंच पुढे होऊन दुसरी बाजू धरली.

"नाव कुठाय?" त्यानं विचारलं. "अलासान तर कोपऱ्यात लिहायचा."

"राहिलं. आता नाही लिहिता येत. काचेवर नाव आधी लिहावं लागतं, नाहीतर ते सगळ्याच्या मागे जातं."

"म्हणजे चित्र कसं निघणार ते माहीत नसताना?"

"हो. आधीच."

"मग एवढी वर्षं काय झोपली होतीस का गं, खादाडे?" मासांबा म्हणाला, आणि कोदूचा जीव भांड्यात पडला. सापडली एकदाची त्याला शिवी.

तो चहाला बसला. तिनं शेगडीवर किटली ठेवली, नवी काच पुसून मांडीवर घेतली, आणि पहिला चहा उकळतोय तोवर, काय काढायचं ते काहीच ठरलेलं नसताना, कोपऱ्यात टाकानं उलट्या अक्षरांत लिहिलं: कोदू न्जाय.