कार्यालय रिकामं आहे!

आता माझ्या हुशारीचं काय सांगावं तुम्हाला! चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल.

मी लातूरचा कॉम्प्युटरवाला. धाकट्या बहिणीचं, सोनूचं लग्न औशाच्या मुलाशी ठरलं. तिथी निघाली आणि बाईसाहेब हटून बसल्या. "दादा, लग्न करीन तर औसा रोडवरच्या त्याच कार्यालयात!" पण कार्यालयाच्या साइटवर त्या तारखेचा चौकोन लालभडक. म्हणजे भरलेलं.

"अरे, एक फोन तरी लाव," बाबा म्हणाले.

फोन? मी? अहो, पीएचपी नावाची कॉम्प्युटरची भाषा कोळून प्यालेला माणूस मी! म्हटलं, "बाबा, कोणी ना कोणी रद्द करेलच. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, पाळत ठेवेल."

आता कसं असतं बघा. पानावर आपल्याला नुसती तारीख दिसते, पण तिच्या मागे पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये एक छुपी चिठ्ठी असते. तिला अ‍ॅट्रिब्यूट म्हणायचं. इथं त्या चिठ्ठीचं नाव होतं 'स्टेटस', आणि भरलेल्या तारखेला तिच्यात 'बुक' असं लिहिलेलं. माझी स्क्रिप्ट सर्व्हरवर बसून दर तासाला ती चिठ्ठी वाचायची. 'बुक' असेल तर गप्प. काहीच नसेल तर घरच्या ग्रुपवर आनंदाची बातमी! आहे की नाही झकास?

रविवारी सकाळी मी दाढी करून राहिलो होतो, तर फोन वाजला. "कार्यालय रिकामं आहे!"

घरात काय दंगा म्हणता! सोनूनं मला मिठीच मारली. आईनं देवापुढं साखर ठेवली. तेवढ्यात देगलूरहून मामांचा फोन. "भाच्या, लई मोठं काम केलास! पण फोनवर काही ठरवू नको बरं. तारखेचा नारळ द्यायचा म्हणजे चार मोठी माणसं समोर पाहिजेत. आम्ही निघालोच!"

मामांची चार माणसं म्हणजे भरलेली क्रूझर. दुपारी सगळे कार्यालयाच्या दारात उतरलो. पुढं मामा, डोक्याला फेटा, हातात नारळ. आत बँड दणाणून राहिला होता.

"भाच्या, हे रिकामं हाय व्हय?"

"आज नाही मामा, आपल्या तारखेला..." असं म्हणत मी फोन उघडला आणि स्क्रिप्टला सगळ्याच तारखा विचारल्या. स्क्रिप्टच्या मते कार्यालय आजही रिकामं होतं! उद्याही! अख्खं वर्षभर त्यांच्याकडे चिटपाखरू फिरकणार नव्हतं!

झालं होतं असं, की कार्यालयानं साइट नवी केली आणि 'स्टेटस'चं नाव बदलून 'स्थिती' केलं. जुन्या नावाची चिठ्ठीच नाही, म्हणून पीएचपीनं कोरा जबाब दिला. आणि कोरा जबाब म्हणजे कार्यालय मोकळं, हे कुणी ठरवलं होतं? या दीडशहाण्यानं! डब्यावर चिठ्ठी नाही म्हणून डबा रिकामा समजायचा, ही आमची अक्कल.

सोनूचं तोंड एवढंसं झालं. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तेवढ्यात आतल्या लग्नातल्या नवरीच्या काकांनी मामांचा फेटा बघितला, वरपक्षाचे पाहुणे समजले आणि आम्हाला थेट पंगतीत नेऊन बसवलं. मामा नाही म्हणतात होय! "बस रे भाच्या. उपाशीपोटी काही सुचत न्हाई."

जिलबी वाढली जात होती, तेव्हा कार्यालयाचे मालक पंगतीत फिरत आले. मामांनी त्यांचा हातच धरला. "मालक, आमच्या लेकीचा जीव अडकलाय तुमच्या कार्यालयात. काही होतंय का बघा की."

मालकांनी तारीख ऐकली आणि कपाळाला हात लावला. "त्या तारखेचं काय सांगू साहेब! कुणीतरी इंटरनेटवरून धरून ठेवलीय. ना अ‍ॅडव्हान्स, ना फोन लागतो. अन् नाव काय, तर टेस्ट टेस्ट! म्हटलं असतील धर्माबादच्या पलीकडले, तेलंगणातले कोणी मोठे लोक, उगं कशाला दुखवा. पण आता लई वाट पाहिली. घ्या तुम्ही ती तारीख!"

सोनू भर पंगतीत टाळ्या वाजवायला लागली. मामांनी मालकांच्या हातात नारळ ठेवला. सगळे खूश! माझ्या मात्र घशात जिलबी अडकली. साइटवर तारीख धरता येते का, हे बघायला तिथी निघायच्या आधी मीच 'टेस्ट टेस्ट' या नावानं एक चांगला मुहूर्त धरून पाहिला होता. आणि सोडायचा विसरलो होतो.

"पण उद्या ते टेस्ट साहेब आले तर रे?" आईनं काळजीनं विचारलं.

मी मान खाली घातली. "आलेत ते, आई. जिलबी खाऊन राहिलेत."