देवीला वाहिलेलं पळणं
झेंडूच्या पाल्याचा उग्र वास आला की मला आमच्या मळ्याकडेचा कालव्याचा रस्ता आठवतो. कॉलेजात असताना माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि वर्षभराने डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी उजाडताना मी जुने बूट घालून त्या रस्त्यावर उतरले. आधी पाय भलत्याच कुणाचा वाटला. मग श्वास जुळला, गार वारा कानांना लागला आणि शाळेच्या शर्यतीत पळायचे तशी मी पळू लागले. तेवढ्यात फुलं तोडत असलेली आई पाटी टाकून आडवी आली. "थांब! पळू नको, पाया पडते तुझ्या." मी पडेन म्हणून घाबरली असेल, असं वाटून मी म्हटलं, "डॉक्टर हो म्हणालेत गं." ती मातीतच बसली. "डॉक्टरचं नाय. तुला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा गडावरच्या देवीला बोलले मी, पोरीला चालती कर, तिचं पळणं तुला वाहिलं." "माझं पळणं तू कसं वाहिलंस?" माझा आवाज चढला. "तेवढ्या मोलाचं माझ्याकडं दुसरं काय होतं?" आई जाऊन बरीच वर्षं झाली, माझा राग काही गेलेला नाही, खुबाही ठणठणीत आहे, तरी शहरातल्या द्वारका चौकात डोळ्यांदेखत बस सुटू लागली, तर मी तिच्याकडे चालतच जाते.